हात मांडीवर

सिग्नल लाल झाला म्हणून मी थांबले, नाहीतर आप्पा मला दिसलेच नसते. समोरच्या फुटपाथवरून ते चालले होते. इस्त्रीचा शर्ट, पायांत बंद बूट, उजव्या हातात पांढरी काठी, छातीच्या खिशात फोन आणि खिशातून निघून कानात शिरलेली वायर. एकटेच. माझे सासरे, ऐंशीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांनी काही न दिसणारे, इमारतीच्या दाराशी जो बाक आहे त्याच्या पुढे पाऊल टाकणार नाही असं घरात सगळ्यांदेखत कबूल केलेले, ते बाकापासून दोन चौक लांब मान ताठ करून चालले होते. क्षणभर मला ते ओळखूच येईनात. घरातले आप्पा भिंतीला हात लावत चालतात, दारापाशी थांबून चौकट चाचपतात, बसण्याआधी खुर्चीला दोनदा शिवून बघतात. हा माणूस काठी टकटकवत असा चालला होता, जसा काही फुटपाथ त्याच्या तीर्थरूपांनी बांधला होता. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा सिग्नल हिरवा झाल्याचं मला कळलं. मी स्कूटर पुढे नेली नाही. कडेला घेतली आणि बंद केली.

हाक मारायला तोंड उघडलं होतं, नाही असं नाही. पण तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या बाईंचा चहा आठवला. आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारख्या इमारती आहेत, एकाच बिल्डरने एकाच नकाशावर काढलेल्या. गेल्या हिवाळ्यात आप्पा असेच फोन घेऊन चक्कर मारायला गेले आणि परतताना फोन त्यांना म्हणाला की तुम्ही घरी पोहोचलात, आणि आप्पा होते रस्त्याच्या पलीकडे. तिकडच्या लिफ्टने ते तिकडच्या चौथ्या मजल्यावर गेले, डावीकडचं दार ढकललं, ते उघडंच होतं, आणि सोफ्यावर बसून म्हणाले, "चहा टाक गं." आतून कुणीतरी "हो" म्हणालं. त्या बाईंना वाटलं, नवऱ्याकडे कुणी वडीलधारं आलंय. आप्पांना संशय आला तो पहिल्या घोटाला. चहा चांगला झाला होता. आमच्याकडे चहा मी करते. मग दोघांनी अर्धा तास गप्पा मारल्या आणि बाईंनी त्यांना हाताला धरून आमच्या दारात आणून सोडलं. मी हसून हसून खाली बसले होते. नवरा हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तो मधला रस्ता होता, जो त्याचा बाप न बघता ओलांडून गेला होता. "पुन्हा असं झालं ना," तो म्हणाला, "तर फोन काढून घेईन आणि दिवसभराचा माणूस ठेवीन." आप्पा म्हणाले, "माणूस कशाला? मी काय गोदीतला माल आहे, राखण बसवायला?" पण आवाजात जोर नव्हता. त्या दिवशी त्यांनी बाकापर्यंतचं कबूल केलं, आणि नंतर कितीतरी दिवस ते बाकावरही गेले नाहीत. जेवताना तेवढे खुर्चीतून उठायचे. तो महिना मी कधी विसरणार नाही.

सिग्नलपाशी मी हाक मारली असती तर ते पकडले गेले असते, एवढं साधं होतं. मग नवऱ्याला सांगणं आलं, कारण मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात आणि ते त्याला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे. फोन जाईल, माणूस येईल, आप्पा पुन्हा खुर्चीत बसतील. मी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं आणि रस्ता ओलांडून त्यांच्या मागे चालायला लागले. वीसेक पावलं अंतर ठेवून. माझ्या पायांत रबरी तळाचे बूट असतात, कामाच्या जागी तेच घालावे लागतात, त्यामुळे आवाज होण्याचा प्रश्न नव्हता. उशीर होत होता. नेमका त्याच दिवशी दुपारी आमच्याकडे उड्डाण होतं. आमच्या मुख्यांना आम्ही मुकादम म्हणतो, आणि मुकादमांना उड्डाणाच्या दिवशी माणूस वेळेआधी तासभर खुर्चीत दिसावा लागतो. मुकादम गेले खड्ड्यात, असं मी मनाशी म्हटलं, आणि मला बरंच वाटलं.

माझं काम परत आणण्याचं आहे. आप्पा लोकांना असंच सांगतात, "आमची सूनबाई परत आणते." अग्निबाणाचा खालचा, सगळ्यात मोठा टप्पा वरच्याला ढकलून देतो, सुटा होतो, हवेत वळतो आणि आपल्या पायांनी किनाऱ्यावरच्या ओट्यावर येऊन उभा राहतो. पूर्वी तो समुद्रात पडायचा आणि दर वेळी नवा करावा लागायचा. आता पुसूनबिसून, तपासून पुन्हा तोच पाठवतात. आमच्या ह्या टप्प्याचं नाव कागदावर आकड्यांचं आहे, पण सगळे तिला आत्याबाई म्हणतात. कारण ती येते ती काळंठिक्कर तोंड करून येते, आल्या आल्या तिच्या तब्येतीच्या पन्नास तक्रारी निघतात, सगळं घर तिच्या सेवेला लागतं, आणि जरा बरं वाटलं की निघाली पुन्हा. ह्या आत्याबाईने गेल्या काही वर्षांत एक-एक करून दिशादर्शक उपग्रह वर नेऊन पोहोचवले. त्या दुपारी शेवटचा जायचा होता. आणि तिची एक गोष्ट मला फार आवडते. खाली येताना आपण नेमके कुठे आहोत हे ती त्याच उपग्रहांना विचारते. ज्यांना कडेवर घेऊन वर सोडलं, त्यांनाच वाट विचारत घरी येते.

खरं म्हणजे ते वाट दाखवतच नाहीत. हे मी आप्पांना समजावून सांगितलं त्याला दोन वर्षं झाली, तेव्हा त्यांना उजव्या डोळ्याच्या कडेने थोडं दिसत होतं. आम्ही दोघं बाल्कनीत शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "आप्पा, त्यांना रस्ता माहीत नसतो, तुम्ही माहीत नसता, काही माहीत नसतं. ते फक्त एकसारखं म्हणत असतात, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत. असे चार जण ऐकू आले की खालचा आपला आपण हिशेब लावतो, की मग मी कुठे आहे." आप्पा हातातली शेंग तशीच धरून बसले. मग म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." "मग बरंय की," ते म्हणाले, "कटकट नाही." त्यानंतरच त्यांनी फोन घ्यायचं मनावर घेतलं. मी त्यांना तो शिकवला, अंगठ्याने कुठे दाबायचं, बोलणारी बाई गप्प कशी करायची. त्या बाईशी ते भांडायचे. ती "उजवीकडे वळा" म्हणाली की हे म्हणायचे, "कळतंय मला, इथे मी तुझ्या जन्माआधीपासून वळतोय." आणि उंच इमारतींमध्ये ती चुकायची तेव्हा त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मला मात्र वाईट वाटायचं, आपल्या घरचं माणूस चारचौघांत चुकल्यासारखं. आकाश झाकलं जातं, आवाज काचांवर आपटून उशिरा येतो आणि फोन माणसाला बिनदिक्कत समोरच्या फुटपाथवर नेऊन ठेवतो. त्यासाठीच हा शेवटचा होता. तो बराच वेळ थेट डोक्यावर राहणार होता. "आमचा हा चढला की तुमची गल्ली सुधारेल," असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

काचेच्या दोन इमारती जिथे समोरासमोर येतात तिथे आप्पा थांबले. तिथे त्यांना काही अंतर मोकळी जागा ओलांडावी लागते, गाड्या आत-बाहेर करतात ती. त्यांनी कानातली वायर काढून खिशात कोंबली आणि मान जरा तिरपी केली. कोपऱ्यावर कपडे धुण्याचं दुकान आहे, त्याचं यंत्र दाराशीच घरघरत असतं. आप्पा त्या घरघरीकडे सरळ चालत गेले, दुकानाच्या भिंतीला काठी लागली, मग त्यांनी वायर पुन्हा कानात घातली. असा पट्ठ्या. म्हणजे हे आजचं नव्हतं. हे कितीतरी दिवसांचं होतं. आणि मग मला त्यांची हनुवटी आठवली. आठवड्यातून एकदा आप्पांची दाढी गुळगुळीत असायची, कल्ले सरळ कापलेले. मला वाटायचं नवरा करून देतो. मनात मी त्याचं कौतुकही केलं होतं. नंतर विचारलं तर तो म्हणाला असता, "अगं, मला वाटायचं तूच करतेस." असा आमचा संसार.

ते न्हाव्याच्या दुकानात शिरले. दार उघडंच होतं. मी शेजारच्या चपलांच्या दुकानासमोर काचेत बघत उभी राहिले. लाकडी तळाच्या कसल्यातरी जाडजूड चपला मांडल्या होत्या. असल्या कोण घालत असेल, असं मनात आलं. आत आप्पा खुर्चीत बसलेले ऐकू आले, कारण खुर्ची करकरली आणि चारपाच आवाज एकदम म्हणाले, "या या, आज उड्डाण ना?" म्हणजे इथे सगळ्यांना सगळं माहीत होतं. घरात गप्प असणारे आप्पा इथे बोलत होते. मोठ्याने, हात करून बोलत असणार, कारण न्हावी म्हणाला, "हलू नका हो, कान जाईल." आप्पा म्हणाले, "उचलायला काय, कुणीही उचलतं. ठेवताना कळतं कोण किती पाण्यात आहे. तीस वर्षं क्रेनवर बसलो मी गोदीत. घराएवढा पेटारा उचलणं म्हणजे नुसता दांडा ओढणं. पण ठेवताना खालच्या फळ्यांचा आवाज आला नाही पाहिजे. ही लेकाची माणसं तर आकाशातून आणून ठेवतात." न्हाव्याने विचारलं, "आणि चुकलं तर?" "तर समुद्रात. पण शेवटी शेवटी कुणी हात नाही लावायचा. सूनबाईचा नियम आहे तो. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून बसायचं." आत कुणीतरी हसलं. आप्पा नाही हसले. "सोपं नाही ते," ते म्हणाले.

नियम माझा नाही, मुकादमांचा आहे. पण तो आला कसा ते मी आप्पांना सांगितलं होतं, आणि त्यांनी तो माझ्या नावावर करून टाकला. सुरुवातीच्या काळात आत्याबाईच्या आधीची एक जण अशीच खाली येत होती, छान येत होती, आणि आमच्यातला एक अतिशय सज्जन माणूस पडद्यावरचा एक आकडा बघून घाबरला. त्याने मदत म्हणून एक दुरुस्ती पाठवली. ती दुरुस्ती पोहोचेपर्यंत तिने स्वतःच स्वतःला सावरलेलं होतं. दोन्ही एकदम झालं आणि ती समुद्रात गेली. त्याला कुणी बोललं नाही. तोच महिनाभर कुणाशी बोलला नाही, आणि आता तो कुठेतरी मुलांना गणित शिकवतो. तेव्हापासून शेवटचं इंजिन पेटलं की मुकादम एकच शब्द बोलतात, "हात." आणि आम्ही बारा-पंधरा मोठी माणसं शाळेतल्यासारखे हात मांडीवर ठेवतो. तेव्हा कळतं की आपले हात आपलं किती कमी ऐकतात. पहिल्यांदा मी ते मांडीखाली घालून त्यांच्यावर बसले होते. आता सवय झाली आहे. आता मला ते पुण्यासारखं वाटतं. मायेने हात पुढे करणं कुणालाही येतं, हात मागे ठेवणं मला येतं, असं मी मनातल्या मनात स्वतःला म्हणत असते.

परतताना ते काचेच्या इमारतींपाशी आले आणि थांबले. त्यांनी वायर काढली, मान तिरपी केली. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. कपड्यांचं यंत्र बंद होतं. दुकान उघडं, पण घरघर नाही. आत माणूस घड्या घालत होता. आप्पा तिथे उभे राहिले. त्यांनी वायर पुन्हा कानात घातली, बाई काहीतरी म्हणाली असावी, कारण ते डावीकडे वळले, रस्त्याकडे. ते फुटपाथच्या कडेला आले, काठी खाली गेली, मागे आली. त्यांनी तोंड अर्धवट मागे वळवलं आणि त्यांचे ओठ हलले. बाईशी भांडत असतील, असं मला वाटलं. गाड्या जात होत्या, काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. पुन्हा ओठ हलले. मग त्यांनी एक पाय खाली रस्त्यावर ठेवला. एक टेम्पो करकचून थांबला, ड्रायव्हरने शिवी दिली. आप्पांनी पाय वर घेतला.

माझे हात जॅकेटच्या खिशात होते. मी ते तिथे दाबून धरले होते, नखं तळव्यांत रुतेपर्यंत. घशाशी हाक आली होती आणि मी ती गिळत होते. आता नाही, म्हणत होते. आता हाक मारली तर दचकतील, वळतील, तोल जाईल. ते सावरतायत, त्यांना सावरू दे. आणि त्यांनी सावरलं. ते मागे आले, कडेकडेने काठीने चाचपत, एकदा खांबावर खांदा आपटून, हळूहळू, घरातल्यासारखे भिंतीला हात लावत त्या दुकानाच्या दारापर्यंत पोहोचले. तिथून पुढची वाट त्यांना पाठ होती. मी त्यांना आमच्या इमारतीच्या दारात शिरताना पाहिलं, आमच्याच. ते बाकावर बसले, रुमालाने मान पुसली. मी पळत स्कूटरकडे गेले. सबंध वाटेवर मी रडत होते आणि हसत होते, आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की मुकादमांची बोलणी मी प्रसादासारखी खाल्ली.

दुपारी आत्याबाई गेल्या. जाताना मी फारसं बघत नाही, ते काम दुसऱ्यांचं असतं, त्यांची टाळ्या वाजवायची वेळ वेगळी आणि आमची वेगळी. वरच्यापासून वेगळी झाल्यावर ती थोडी तरंगते, कूस बदलते, आणि मग यायला लागते. माझ्या पडद्यावर ते चार, पाच, सात जण हजेरी देत होते, मी इथे आहे, मी इथे आहे. ती ऐकत होती. शेवटचं इंजिन पेटलं, मुकादम म्हणाले, "हात." मी हात मांडीवर ठेवले आणि मला फुटपाथची कड दिसली, काठी खाली जाऊन मागे येताना दिसली, आणि ते अर्धवट वळलेलं तोंड. ते का वळलं होतं? दिसत नसलेला माणूस मागे वळून काय बघतो? एवढं मनात आलं, तोच धुरळा उडाला आणि तिने पाय टेकले. खोलीत ओरडा झाला. वरचा उपग्रहही जागच्या जागी सुटला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी सगळ्यांबरोबर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी आले तर नवरा यायचा होता. आप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, दाढी गुळगुळीत, कल्ले सरळ. खांबावर आपटलेला खांदा ते दुसऱ्या हाताने चोळत होते. माझी चाहूल लागताच त्यांनी हात काढला.

"आली?" त्यांनी विचारलं.

"आली."

"आवाज?"

"जरासुद्धा नाही. अंडं ठेवावं तशी."

"वा." ते खरोखर खूश झाले. "आणि वरचा? आजच लागेल का कामाला?"

"छे हो आप्पा. तीनचार महिने तपासण्या चालतील."

"म्हणजे तोवर मी त्या काचांपाशी उभाच."

माझ्या हातात दुधाचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं. त्याचा आवाज झाला.

"तुझा तो डबा सिग्नलला थांबला," आप्पा म्हणाले, "तो पुन्हा सुरूच झाला नाही. गावात तसा खडखडाट दुसऱ्या कुणाच्या स्कूटरचा नाही. म्हटलं, आली वाटतं मागे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

मी त्यांना सांगितलं. मोठ्या तोऱ्यातच सांगितलं म्हणायचं. की मला हाक मारायची होती, नखं रुतली, हे बघा अजून वळ आहेत. पण मी म्हटलं, तुमचं तुम्ही याल, मधे पडले तर बिघडेल, आणि आलात की नाही तुमचे तुम्ही. हात मांडीवर. आप्पांनी टेबलावर हात पुढे केला, चाचपत माझा हात शोधला, आणि तळव्यावरून अंगठा फिरवला, जिथे नखांच्या खुणा होत्या.

"वेडी आहेस," ते म्हणाले. "अगं, आत्याबाईला तोंड नाही. मला आहे. मी विचारलं होतं तुला."

"काय?"

"आहेस ना गं, म्हणून. त्या कडेला. दोनदा विचारलं."

ते ओठ मी पाहिले होते. वीस पावलांवरून, टक लावून, एखाद्या पडद्यावर बघावं तसे पाहिले होते. माझ्याशी बोलणाऱ्या माणसाचे ओठ मी पाहिले आणि मला वाटलं, तो फोनशी भांडतोय. त्या क्षणी त्यांना खात्री असणार की मागे कुणी नाही. की आपण चुकीचं ऐकलं, स्कूटर दुसऱ्या कुणाची होती. आणि मग त्यांनी पाय खाली टाकला. मी त्यांच्या हातावर कपाळ टेकवलं. आप्पांनी दुसऱ्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली, जरा जोरातच.

"हात नको होता मला तुझा," ते म्हणाले. "धरलं असतंस तर झटकलं असतं. नुसतं हूं म्हणायचंस. तू कुठे आहेस ते कळलं की पुढचं माझं मी लावतो."

दारात किल्ली फिरली. नवरा आत आला, पिशवी ठेवली, आमच्याकडे बघितलं. "काय झालं? पडलं की काय तुमचं ते?"

"नाही, आली नीट," मी डोळे पुसत म्हटलं. "म्हणूनच."

"बायकांचं कळत नाही," तो म्हणाला, आणि मग बापाकडे बघून, "दाढी झकास झालीय आप्पा. हिने केली?"

"हो," मी म्हटलं. माझे कान लाल झाले असणार, कारण तो माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ. मग आप्पांच्या बुटांकडे बघितलं, टाचेला चिखल होता. "बरं," तो म्हणाला आणि आत हात धुवायला गेला. त्या बरंवर मी त्याला काहीही माफ केलं असतं.

आप्पा पुढे वाकले. "पुढच्या वेळी मागूनच ये," ते हळू आवाजात म्हणाले. "शेजारून नको, लोक बघतात. मागून ये. पण ते मांजराचे बूट नकोत. चपला घाल. वाजवत ये."

पुढच्या आठवड्यात मी उशिराची पाळी मागून घेतली. त्याआधी जाऊन त्या लाकडी तळाच्या चपला आणल्या. दुकानदार म्हणाला, ह्या दोन वर्षं पडून होत्या. आप्पा पुढे, मी वीस पावलं मागे. चपला अशा वाजत होत्या की खिडकीतून माणसं डोकावली, एक कुत्रं उठून बाजूला झालं, आणि शाळकरी पोरींचा एक घोळका माझ्याकडे बघून खिदळला. आप्पांची पाठ काही बोलत नव्हती, पण काठी मजेत पडत होती. परतताना काचेच्या इमारतींपाशी आलो. कपड्यांचं यंत्र पुन्हा बंद. आप्पा थांबले. ते थांबले, म्हणून सवयीने मीही थांबले, श्वास धरला, हात आपोआप खिशात गेले.

"वाजव की!" आप्पा न वळता ओरडले.

मी जागच्या जागी चपला आपटायला लागले. एकटीच, भर फुटपाथवर, जॅकेट घातलेली चाळिशीतली बाई, पाय आपटत उभी. खटाक खटाक खटाक. आप्पांनी मान तिरपी करून ते ऐकलं, मनाशी काहीतरी जुळवलं, आणि काठी पुढे टाकून उजवीकडे चालू लागले. भिंतीला काठी लागल्याचा आवाज आला तरी मी थांबले नाही.